अल्बम प्रकाशनाची रात्र दुपारीच बिघडते: या चुका टाळा

पुण्या-मुंबईतील लहान सभागृहांत, कॅफेंच्या अंगणांत आणि तळघरांतील बारमध्ये गेली पंधरा वर्षे मी ध्वनिसंयोजनाचे काम करते आहे. या काळात स्वतंत्र बँडांच्या अल्बम प्रकाशनाचे पुष्कळ कार्यक्रम मी मिक्सरमागे उभे राहून पाहिले, पण वाजवणाऱ्यांना वाजवता येत नव्हते म्हणून फसलेला कार्यक्रम मला क्वचितच आठवतो. मुले उत्तम वाजवतात. दोन-दोन वर्षे पदरचे पैसे घालून त्यांनी नऊ गाणी ध्वनिमुद्रित केलेली असतात, मुखपृष्ठासाठी चांगला चित्रकार गाठलेला असतो, टी-शर्टचे कापड बोटांनी चाचपून निवडलेले असते. आणि ज्या संध्याकाळी हे सगळे लोकांसमोर मांडायचे, तिच्या तयारीला मात्र एक दुपारसुद्धा पुरती दिलेली नसते. मग त्याच त्या चुका होतात आणि रात्री आठ वाजता त्या निस्तरण्याची वेळ माझ्यावर येते. हे टिपण त्या वैतागातून लिहिले आहे. सर्व चुकांना त्यात सारखी जागा मिळालेली नाही, कारण त्या सगळ्या मला सारख्या छळत नाहीत.

चारचा साउंडचेक साडेसहाला

चार वाजता या असे सांगितले की बहुतेक बँड त्याचा अर्थ "चारनंतर केव्हातरी" असा घेतात. सामान लावायला किती वेळ लागेल असे विचारले तर "दहा मिनिटे" हे उत्तर ठरलेले असते, आणि सरावाच्या खोलीत ते खरेही असेल. सभागृहात मात्र गाडीतून सामान उतरवण्यापासून हिशेब धरावा लागतो. ड्रम किट उभे करून सुरात आणायला अर्धा तास, माइक लावून एकेक चॅनेल तपासायला अर्धा तास, ज्याला त्याच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाकडे तोंड केलेल्या मंचावरच्या स्पीकरमध्ये, जे हवे ते द्यायला आणखी अर्धा तास, आणि त्यानंतर दोन गाणी पूर्ण वाजवून पाहायची असतात. मध्ये काहीही बिघडले नाही तर हे सगळे दोन तासांत बसते, पण मध्ये काहीतरी बिघडतेच. शिवाय आधी गाणारा पाहुणा कलाकार असेल, तर त्याचा साउंडचेक मुख्य बँडच्या नंतर घ्यायचा असतो, म्हणजे दारे उघडतात तेव्हा मंच त्याच्यासाठी लावलेलाच असतो. मुख्य बँड उशिरा आला की ही सारी घडी विस्कटते आणि त्याची शिक्षा भोगतो तो बिचारा पाहुणा.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पुण्यातील एका कॅफेच्या अंगणात असाच एक कार्यक्रम होता. मराठीत गाणारा चार जणांचा बँड, पहिलाच अल्बम, दीडशे तिकिटे संपलेली. वेळ चारची दिलेली असताना गाडी आली सहा वाजून वीस मिनिटांनी, कारण मंडळी टी-शर्ट छापणाऱ्याकडे तीन तास बसून होती. टी-शर्ट सुंदर होते, हे मी मान्य करते. पण ड्रमरने खाली अंथरायची सतरंजी आणलेली नव्हती आणि अंगणात होती शहाबादी फरशी. पहिल्याच ठोक्याला बास ड्रम वीतभर पुढे सरकला. मग बागेतून दोन विटा शोधून आणल्या आणि ड्रमला ओरखडे पडतील ही ड्रमरची तक्रार आल्यावर त्या जुन्या चादरीत गुंडाळून ड्रमपुढे लावल्या. सातला उघडायचे दार पावणेआठला उघडले. पाहुण्या गायिकेने आपण होऊन चारऐवजी तीनच गाणी म्हटली. मुख्य बँड मंचावर गेला तेव्हा नऊ वाजून आठ मिनिटे झाली होती, आणि त्यांचा कार्यक्रम आभारप्रदर्शनासह एक तास पाच मिनिटांचा होता.

अंगणाच्या भिंतीला लागूनच एक सोसायटी होती. दहाला दोन मिनिटे कमी असताना कॅफेचे मालक माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि काही न बोलता त्यांनी आपले मनगट माझ्यापुढे धरले. गायक त्या वेळी माइकवर अल्बमच्या नावामागची गोष्ट सांगत होता, कारण शीर्षकगीत त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले होते. गोष्ट संपली, ड्रमरने काठ्यांवर चार मोजले, आणि मी मास्टर फेडर, म्हणजे सगळा आवाज एकदम कमी करणारी सरकपट्टी, खाली ओढला. दीडशे माणसांनी एकदम मागे वळून माझ्याकडे पाहिले. गायकाचे आईवडील ते गाणे ऐकायला सांगलीहून आले होते, हे मला नंतर केबल आवरताना समजले.

यात माझा किंवा मालकांचा काही दुष्टावा नव्हता. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे, अंगणाला नाही. त्या नियमात ध्वनिक्षेपकाबरोबर वाद्यांचाही उल्लेख असल्यामुळे "माइक बंद ठेवून वाजवतो" हा युक्तिवादही टिकत नाही. "आवाज थोडा कमी करून वाजवतो" याला तर काही अर्थच नाही, कारण निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि माइकशिवाय वाजणारा ड्रम किट जवळून सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. वर्षातील काही मोजक्या दिवशी, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार मध्यरात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते. पण ते दिवस गणेशोत्सवासारख्या सणांचे असतात, तुमच्या शुक्रवारचे नसतात. १९५३ साली सुरू झालेल्या आणि एके काळी पहाटेपर्यंत चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवाला या नियमापुढे आपले वेळापत्रक बदलावे लागले. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवन या खुल्या प्रेक्षागृहात रॉकवेड्यांची एक अख्खी पिढी वाढली, आणि तेथील मैफली शांतता क्षेत्राच्या नियमाने थांबल्या. मग तुमच्या शीर्षकगीतासाठी कोणी पाच मिनिटे थांबेल, ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची?

उपाय म्हणून काही आयोजक बँडला मुद्दाम एक तास आधीची खोटी वेळ सांगतात. मला ते पटत नाही, कारण दुसऱ्या कार्यक्रमापर्यंत ती युक्ती सर्वांना कळलेली असते. मी बँडमधील प्रत्येकाला वेगळी वेळ देते: ड्रमर तीनला, बास आणि गिटार पावणेचारला, गायक साडेचारला. ड्रम लागेपर्यंत बाकीच्यांना तेथे काही काम नसते, आणि काम नसलेला गिटारवादक मंचावर असला की तो गिटार वाजवत बसतो. दुसरी सवय अशी की पांढऱ्या चिकटपट्टीवर संपण्याची वेळ मार्करने ठळक लिहून ती पट्टी गायकाच्या माइक स्टँडखाली, त्याच्या पायाशी चिकटवते. नियमाची वेळ दहाची असेल तर पट्टीवर ९:४५ लिहिते. आणि शीर्षकगीत शेवटी ठेवायचे नाही. ते शेवटून तिसरे ठेवायचे. वेळ संपली तर कापले जाणारे गाणे हे कापता येण्यासारखे असले पाहिजे.

ट्रॅक तर फक्त वाजवायचा आहे

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे. अल्बममध्ये व्हायोलिनचा ताफा असतो, सिंथ असतो, चार पदरी कोरस असतो, आणि मंचावर माणसे असतात चार. मग लॅपटॉपवरून तयार ट्रॅक सोडायचा असे ठरते. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती साउंडचेकच्या वेळी "ट्रॅक राहू दे, तो तर फक्त प्ले करायचा आहे" या वाक्याला. मंचावरील साऱ्या सामानात ज्याला तुमच्याकडे पाहून सावरून घेता येत नाही असा एकच वादक असतो, आणि तो म्हणजे लॅपटॉप.

मुंबईतील एका बंदिस्त सभागृहातील गोष्ट आहे. नऊपैकी तीन गाण्यांना ट्रॅक होता आणि वेळ कमी म्हणून साउंडचेक ट्रॅकविना झाला. लॅपटॉपचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे त्यातला आवाज बाहेर काढणारी डबी, डिजिटल केबलने मिक्सरला जोडलेला होता आणि तो मिक्सरच्या घड्याळावर, म्हणजे मिक्सर ठरवेल त्या वेगाने, चालत होता. डिजिटल आवाज म्हणजे दर सेकंदाला घेतलेले हजारो नमुने; मिक्सर सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चाललेला, तर ट्रॅक ४४,१०० नमुन्यांवर तयार केलेले. पहिला दर चित्रीकरणाच्या आणि मंचाच्या व्यवहारात रुळला आहे, दुसरा सीडीसाठी ठरलेला आहे, आणि घरगुती स्टुडिओत अजूनही पुष्कळ जण दुसराच वापरतात. सॉफ्टवेअरला हा फरक कळला तर ते आपणहून रूपांतर करते. घड्याळ बाहेरून येत असेल तर त्याला तो कळेलच असे नाही. ते ४४,१०० नमुने निमूटपणे वेगाने पुढे ढकलत राहते. मग गाणे जवळजवळ ९ टक्के जलद होते, चार मिनिटांचे गाणे तीन मिनिटे चाळीस सेकंदांत संपते, आणि सूर सुमारे दीड अर्धस्वर चढतो.

दीड, हे लक्षात घ्या. पूर्ण दोन असता तर निदान पट्टी बदलून वेळ मारून नेता आली असती. ते गाणे पांढरी दोनमध्ये बांधलेले होते. ट्रॅकमधील लांब आलापी सुरू झाली आणि मंचावरच्या पेटीवाल्याने सवयीने षड्ज धरला. मी मिक्सरमागून त्याचा हात पाहत होते. त्याने पांढरी दोन सोडून काळी दोन दाबून पाहिली, मान हलवली, पांढरी तीन दाबली, पुन्हा काळी दोनवर आला आणि शेवटी हात उचलून मांडीवर ठेवला, कारण सभागृहात वाजत असलेला सूर त्या दोन पट्ट्यांच्या मधोमध होता आणि त्या जागी कोणत्याही पेटीला पट्टी नसते. ड्रमरच्या कानातील क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, हीही तितकीच जलद झालेली असल्यामुळे त्याला वाटले की बाकीचेच आज रेंगाळत आहेत. चाळीस सेकंदांनी गायकाने हात वर केला आणि "थोडी तांत्रिक अडचण आहे" असे सांगितले. ती तिन्ही गाणी ट्रॅकविना, पातळ पातळ अशी वाजली. बाहेर पडताना एक प्रेक्षक मित्राला सांगत होता की अल्बम चांगला आहे, पण बँड प्रत्यक्षात कच्चा आहे. तो बँड अजिबात कच्चा नव्हता.

तेव्हापासून ट्रॅक घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी एक गृहपाठ देते. सर्व ट्रॅक ४८,००० वर आणि २४ बिटमध्ये काढून आणा, आणि यादीत सर्वांत वर १० सेकंदांचा ४४० हर्ट्झचा साधा सूर ठेवा. साउंडचेकच्या सुरुवातीला तो सूर मिक्सरमधून सोडायचा आणि गिटारचा ट्यूनर त्याच्यासमोर धरायचा. काटा पांढरी सहावर, म्हणजे ट्यूनरवरच्या A वर, स्थिर राहिला तर सगळे ठीक आहे. घड्याळाचा वरच्यासारखा घोळ असेल तर तोच सूर ४७९ हर्ट्झच्या आसपास येतो आणि ट्यूनर काळी पाच व पांढरी सात यांच्यामध्ये लटपटतो. या तपासणीला १५ सेकंद लागतात. याहून चांगल्या, शास्त्रशुद्ध पद्धती असतील. मला ही जमते आणि कोणत्याही घाईत विसरायला होत नाही.

क्लिक एका वेगळ्या आउटपुटवर असावी आणि ती सभागृहात जात नाही ना, हे स्वतःच्या कानांनी ऐकून घ्यावे. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, वायफाय बंद असावे, अपडेटची आठवण करून देणारी प्रत्येक खिडकी आदल्या दिवशीच मिटलेली असावी. तानपुऱ्यासाठी फोन वापरत असाल तर तो फ्लाइट मोडवर टाका. तानपुऱ्याच्या मध्यात काकांचा फोन आलेला मी ऐकला आहे, रिंगटोनसह.

खरे सांगायचे तर, पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच कार्यक्रमात ट्रॅक वापरण्याचा हट्ट मला मुळात घाईचा वाटतो. चार माणसांत ते गाणे कसे उभे राहील याचा विचार करायला महिनाभराचा सराव लागतो. तो टाळण्यासाठी ट्रॅक हा सोपा रस्ता झाला आहे. व्हायोलिनची ओळ पेटीवर येऊ शकते, कोरस दोन आवाजांत बसू शकतो, आणि काही ओळी काढूनच टाकल्या तर गाण्याचे काही बिघडत नाही, हे बसून वाजवून पाहिल्याशिवाय कळत नाही.

पिन तोडू नका

येथे मी विनोद करणार नाही. गिटारच्या अँपमधून ५० हर्ट्झची गुणगुण येते आहे म्हणून तीन पिनी प्लगची वरची, अर्थिंगची जाड पिन तोडणारे किंवा दोन पिनी अडॅप्टर लावून ती चुकवणारे लोक आजही आहेत, आणि ते ही युक्ती नवशिक्यांना अभिमानाने शिकवतात. गुणगुण थांबते, हे खरे आहे. पण अँपमध्ये दोष निर्माण झाला तर वीज जमिनीत जाण्याचा रस्ताच आपण बंद केलेला असतो. मग ती वीज गिटारच्या तारांवर येते, वादकाची बोटे त्या तारांवर असतात, आणि गाताना त्याचे ओठ माइकच्या जाळीला टेकतात, जी मिक्सरमार्गे अर्थिंगला जोडलेली असते. २३० व्होल्टला त्याच्या शरीरातून वाट मिळते. अशा अपघातांत वादक मंचावर मरण पावलेले आहेत.

गुणगुण बहुधा एकाच वाद्याला दोन मार्गांनी अर्थिंग मिळाल्यामुळे येते, आणि ती डीआय बॉक्सवरील (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जोडणाऱ्या डबीवरील) ग्राउंड लिफ्टच्या छोट्या बटणाने, म्हणजे सिग्नलच्या बाजूने तोडायची असते. विजेच्या बाजूने कधीही नाही. मी मल्टिमीटर जवळ बाळगते आणि साउंडचेकपूर्वी माइकची जाळी व गिटारची तार यांच्यामधील एसी व्होल्टेज मोजते. ते शून्याच्या आसपास असले पाहिजे. तसे नसेल तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत मी त्या गायकाला माइकजवळ जाऊ देत नाही, मग बाहेर रांग कितीही लांब असो. दिव्यांच्या डिमरमुळे येणारा चरचराट वेगळा. त्यावर दिवे आणि ध्वनी यांना वेगवेगळ्या लाइनवरून वीज घेणे एवढेच करावे.

"ताई, थोडा माझा आवाज वाढवा"

मॉनिटरचे भांडण प्रत्येक कार्यक्रमात होते. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तो वाढवला जातो. त्यामुळे गिटारवाल्याला गिटार ऐकू येत नाही, म्हणून तो अँपचे बटण फिरवतो. मग ड्रमर जोर लावतो, आणि पाचव्या गाण्याला माइक शिट्टी मारू लागतो. शिट्टी आली की सगळे माझ्याकडे पाहतात. त्या क्षणी मला काय वाढवता येईल हा प्रश्न चुकीचा असतो. मंचावर काय कमी करता येईल ते पाहावे लागते. सुरुवात गिटारच्या अँपपासून करावी. तो जमिनीवर ठेवलेला असतो, त्याचा रोख वादकाच्या गुडघ्यांकडे असतो आणि वादकाचे कान चार फूट वर असतात. तो खुर्चीवर ठेवून मागे कलता करा. वादक स्वतःच आवाज निम्मा करतो. मला हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही, खुर्ची आणून दिली की काम होते.

गायकांसाठी एक गोष्ट. शुअर कंपनीचा एसएम५८ हा माइक, जो १९६६ पासून जगभर मंचावर आहे आणि बहुतेक ठिकाणी तुम्हाला मिळेल, समोरचे ऐकतो आणि पाठीमागचे गाळतो. म्हणूनच मॉनिटर त्याच्या बरोबर मागे, तुमच्या पायांपुढे ठेवलेला असतो. जाळीभोवती मूठ वळली की मागच्या बाजूची छिद्रे बुजतात, माइक सगळ्या बाजूंचे ऐकू लागतो आणि शिट्टी ठरलेली. रॅप करणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून ही सवय लागते. माइक दांड्याला धरा.

बाकीच्या, थोडक्यात

"आम्ही चार जण आहोत, चार माइक पुरतील" असा निरोप मला अजूनही येतो. ड्रम किटलाच चार-पाच माइक लागतात. ढोलकीला दोन तोंडे असतात, म्हणून दोन. पेटीला एक किंवा दोन, बासला डीआय, गिटारच्या अँपला एक, ट्रॅकला दोन चॅनेल आणि गाणारे जितके तितके व्होकल माइक. ही यादी आठवडाभर आधी, कोण मंचावर कोठे उभा राहणार याच्या हाताने काढलेल्या चित्रासह पाठवा. वहीच्या पानाचा फोटो चालतो.

अल्बम ज्या क्रमाने आहे त्याच क्रमाने वाजवण्याचा मोह आवरा. तो क्रम घरी बसून ऐकणाऱ्यासाठी लावलेला असतो. मंचावर एकाच ट्यूनिंगची गाणी एकापाठोपाठ ठेवा, नाहीतर कार्यक्रमाची दहा मिनिटे लोक गिटार जुळवणे ऐकत बसतील. गायकाने हेही आठवावे की ती नऊ गाणी त्याने नऊ वेगवेगळ्या दिवशी, ताज्या गळ्याने, हवी तेवढी टेक घेऊन गायलेली आहेत. एका रात्रीत सगळी गायची तर दोन-तीन गाणी अर्ध्या पट्टीने खाली आणण्यात कमीपणा नाही. अल्बमशी ताडून पाहायला कोणी पेटी घेऊन येत नाही.

गिटारला नव्या तारा आदल्या दिवशी चढवाव्यात, मंचामागे अर्धा तास आधी नाही. तबला आणि ढोलकी वातानुकूलित सभागृहात साउंडचेकच्या आधीपासून ठेवावीत आणि वाजवण्यापूर्वी पुन्हा जुळवावीत, कारण दीडशे माणसे आत आली की हवा बदलते आणि वाद्याच्या तोंडावरची कातड्याची पुडीही बदलते. ९ व्होल्टच्या सुट्या बॅटऱ्या जवळ ठेवा. दुसऱ्याचे गाणे कार्यक्रमात घेणार असाल तर त्याच्या शब्द-संगीताचा परवाना आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून घ्यावा लागतो. तो कोण काढणार, तुम्ही की जागेचे मालक, हे तोंडी न ठेवता लिहून घ्या. मध्यंतरात मुद्रित गाणी लावायची असतील तर ध्वनिमुद्रणाचे हक्क निराळे असतात.

प्रकाशनाची तारीख आणि कार्यक्रमाची तारीख एकच ठेवण्याची हौस बहुतेकांना असते. जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रकाशित करण्याची प्रथा आहे, म्हणून कार्यक्रमही शुक्रवारी ठेवला जातो. त्यात दोन धोके आहेत. वितरकाकडे फाइल उशिरा गेली किंवा मुखपृष्ठात काही खोट निघाली, तर अल्बमच येत नाही आणि तुम्ही मंचावरून "लवकरच येईल" असे सांगत बसता. अल्बम वेळेवर आला, तरी आलेल्या लोकांनी तो ऐकलेला नसतो आणि नव्या गाण्यांना सभागृह नुसते शांत बसते. मी सांगून थकले आहे: अल्बम शुक्रवारी आणा, कार्यक्रम त्याच्या पुढच्या आठवड्यातील शनिवारी ठेवा. आठ दिवसांत निदान धृपद लोकांच्या तोंडी बसते. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते, तेव्हा फाइल कार्यक्रमाच्या आदल्या रात्री चढवणाऱ्यांना ती संधीही मिळत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल एक विनंती. कार्यक्रम संपल्यावर पेनड्राइव्ह पुढे करून "मिक्सरमधून रेकॉर्डिंग द्या ना" असे म्हणू नका. लहान सभागृहात ड्रम आणि गिटारचा अँप मुळातच इतके मोठे असतात की मिक्सरमधून त्यांना मी जेमतेम वाढवलेले असते. त्या रेकॉर्डिंगमध्ये नुसता गळा ऐकू येतो आणि बँड शेजारच्या घरात वाजत असल्यासारखा वाटतो. हवे असेल तर आधी सांगा, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला दोन माइक उभे करता येतील आणि प्रत्येक चॅनेल वेगळा मुद्रित करता येईल.

टी-शर्टच्या टेबलावर सुटे पैसे ठेवा. तळघरात मोबाइलला रेंज नसते, क्यूआर कोड भिंतीवर छान दिसतो आणि पाचशेची नोट घेऊन उभा असलेला माणूस पाच मिनिटांनी नोट खिशात घालून निघून जातो. आणि शेवटचे गाणे झाल्यावर मला मदत म्हणून माझ्या केबल कोपराभोवती गुंडाळू नका. आतल्या तारा पिरगळतात आणि दोन महिन्यांनी त्या केबल मंचावर खरखरू लागतात. त्या तशाच जमिनीवर राहू द्या, मी गुंडाळीन. तुम्ही त्या टेबलामागे जाऊन उभे राहा, कारण लोक तेथे टी-शर्टपेक्षा तुम्हाला भेटायला थांबलेले असतात आणि शेवटची लोकल बाराच्या पुढे फार वेळ थांबत नाही.